पैसाच्या खांबापाशी

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. आईवडिलांविना राहिलेली ही भावंडं पैठणच्या धर्मसभेपुढे उभी राहिली, असं परंपरा सांगते. आमच्या नेवाशात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती १२९० मध्ये. जन्म १२७५ चा धरला तर सांगणारा जेमतेम पंधरा वर्षांचा. आजच्या कायद्याने तो बालकच. बालकल्याण समितीपुढे आला असता.

आत्म्याला वय नसतं, हे मी वारकरी घरात लहानपणापासून ऐकत आलो. मग एखाद्या मुलीला कुठल्या बालगृहात ठेवायचं, भावापासून वेगळं करायचं का, हे ठरताना तिचं वय का आडवं येतं? २०१५ च्या बालन्याय कायद्याचं तिसरं कलम सांगतं, मुलाचं म्हणणं ऐका, वय आणि समज पाहून विचारात घ्या. समज कमी, असा निकाल मोठी माणसं फार लवकर देतात. अहिल्यानगरात ‘स्नेहालय’ १९८९ पासून देहविक्रयातल्या स्त्रियांच्या मुलांसाठी उभं आहे. निवारा देणं ही करुणा. मुलाला विचारणं हाही मी धर्मच मानतो.

प्रत्येक हट्ट पुरवावा, असं नाही. जिथे मार खाल्ला त्याच घरी परत जायचं म्हणणारं पोरही असतं. पण नकार द्यायचा तर समोर बसवून, कारण सांगून, त्याच्या बोलीत द्यावा. पाथर्डीकडच्या ऊसतोड्याचं पोर असेल तर तिकडच्या बोलीत. आणि समितीपुढे त्याच्या बाजूने बोलणारं, त्यानेच निवडलेलं एक माणूस असावं, मग ती बालगृहातली स्वयंपाकाची मावशी का असेना.