नगरवाढीचे गणित आणि वर्ज्य जमीन

उत्तर कोकणातील केळवे-माहीम हे एकेकाळी तालुक्याचे ठिकाण होते. मामलेदाराची कचेरी माहीमला होती आणि तालुक्यालाही त्याचेच नाव होते. १८६४ साली सुरतेकडून येणारा लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला, तो खाड्या-खाजणांचा किनारा टाळून आतल्या बाजूने गेला, आणि तेव्हापासून व्यापार व त्यामागून सरकारी कामकाज ही दोन्ही हळूहळू पालघरच्या स्थानकाकडे सरकली. केळव्याच्या वाट्यास आले ते गावापासून दूर असलेले, नावापुरतेच त्याचे म्हणावे असे केळवे रोड स्थानक. एका रुळाच्या आखणीने तालुक्याचा गुरुत्वमध्य कसा ढळतो हे इथे स्वच्छ दिसते, आणि नगरांची वाढ संगणकाने आधीच वर्तविता येते असे जेव्हा आज आपणांस सांगण्यात येते, तेव्हा त्या दाव्याची छाननी याच पट्ट्यात करणे उचित ठरेल.

हा दावा अगदीच पोकळ आहे असे नव्हे. वॉल्डो टोबलर या अमेरिकन भूगोलज्ञाने डेट्रॉइट परिसराच्या वाढीचे संगणकीय चलच्चित्र रचले आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यावरील निबंधात, दूरच्या गोष्टींपेक्षा जवळच्या गोष्टींचा परस्परसंबंध अधिक दृढ असतो, हे पुढे भूगोलाचा पहिला नियम म्हणून रूढ झालेले सूत्र मांडले. या सूत्राला सेल्युलर ऑटोमाटा या गणिती पद्धतीची जोड मिळाली. भूप्रदेशाच्या समान चौकटी पाडावयाच्या, प्रत्येक चौकट बांधीव की मोकळी हे उपग्रहचित्रावरून ठरवावयाचे, आणि शेजारच्या चौकटींची स्थिती, जमिनीचा उतार व रस्त्याचे सान्निध्य यांवरून ती पुढे बांधली जाण्याचा संभव काढावयाचा, अशी ही रीत आहे. कीथ क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसराला लावलेले ‘स्लूथ’ हे प्रतिमान या पद्धतीतील सर्वांत प्रसिद्ध होय. त्यातील पाच गुणांक असे जुळवून घेतात की मागील काही दशकांची वाढ त्यांतून शक्य तितकी हुबेहूब उमटावी, आणि मग त्याच गुणांकांच्या आधारे गणित भविष्याकडे चालवितात. मुंबई आणि पुणे या महानगरांवरही या जातीचे अभ्यास झालेले आहेत.

परंतु चौकट बांधीव की मोकळी हे ठरविणे किती अवघड असते, ते केळव्याच्या जमिनीवर उतरल्यावाचून कळत नाही. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातील नेहमीची चौकट तीस मीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे आपल्या मोजणीने जवळजवळ नऊ गुंठ्यांची. तेवढ्या जागेत इथल्या एखाद्या वाडीमध्ये नारळीची रांग, पानवेल, भाजीचे वाफे, गोड्या पाण्याची विहीर आणि झावळ्यांनी झाकलेले कौलारू घर ही सारी सुखाने नांदू शकतात. उपग्रहास मात्र वरून दिसते ती केवळ हिरवाई, आणि घर व विहीर दोन्ही तिच्यात विरून जातात. उलटपक्षी, भात कापल्यावर उघडे पडलेले खाचर उन्हाळ्यात इतके कोरडे व उजळ दिसते की वर्गवारी सैल असेल तर ते बांधकामात जमा होते. आणि पावसाळ्यात ढगांमुळे स्वच्छ चित्र क्वचितच मिळत असल्याने आधार घ्यावा लागतो तो बहुधा या कोरड्या महिन्यांचाच. आता दहा मीटरच्या चौकटींची चित्रेही विनामूल्य मिळतात, तथापि चौकट बारीक केल्याने किनाऱ्यावरील वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर दिसू लागत नाही; आणि बागायतीचे सारे जीवित तर त्या थरावरच अवलंबून असते.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. प्रतिमान शेजारधर्माने चालते, आणि हा पट्टा वाढला तो प्रामुख्याने हुकुमाने. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले. बोईसरच्या बाजूस औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. २०१३ साली उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हे जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि सिडकोने तेथे नवे मुख्यालय बांधले. यांपैकी एकही घटना शेजारच्या चौकटीतून उगवलेली नाही. प्रत्येकीचा उगम मुंबईच्या नाही तर दिल्लीच्या दप्तरात आहे. १९६० पर्यंतच्या वाढीवर गुणांक जुळविले असते तर त्यांनी बोईसरचे भवितव्य कधीच सांगितले नसते. हुकूम निघाल्यानंतर मात्र हेच गणित मोठे उपयोगी पडते: बी पडल्यावर वस्ती कोणत्या रस्त्याने, कोणत्या उतारावर आणि साधारण किती वेगाने पसरेल, याचा अंदाज ते चांगला देते. म्हणून त्याला भविष्यवेत्त्याचे आसन न देता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे, आणि प्रत्येक मोठ्या निर्णयापूर्वी, हा हुकूम निघाला तर काय होईल व न निघाला तर काय होईल, असे दोन्ही प्रश्न त्याला विचारावेत.

या साक्षीत सर्वांत निर्णायक ठरतो तो वर्ज्य भूमीचा पट. कोणत्या चौकटी कधीच बांधावयाच्या नाहीत हे स्लूथला आधी सांगावे लागते. ते गणिताने निघत नाही, ते माणसाने भरावयाचे असते. अणुकेंद्राभोवतीच्या सुमारे पाच किलोमीटरच्या परिघात लोकसंख्येच्या कृत्रिम वाढीस प्रतिबंध आहे, किनारा नियमन अधिसूचना आहे, अनुसूचित क्षेत्र आहे, आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरणावर महसूल संहितेचे निर्बंध आहेत. कागदोपत्री हा पट भरगच्च दिसतो. पण तो किती टिकाऊ असतो हे शेजारच्या डहाणूने दाखविले आहे. १९९१ साली तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यावर प्राधिकरण बसले, आणि त्या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदरास नकार दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली अटींसह अनुमती दिली आणि २०२४ साली बंदराची पायाभरणी झाली. नकार योग्य की अनुमती, हा वाद येथे बाजूस ठेवू. प्रतिमानाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, काल वर्ज्य असलेली चौकट आज बंदराच्या रस्त्यावरची चौकट ठरते, आणि ज्या नकाशाने तिला अढळ मानले त्याचे पुढील तीस वर्षांचे सारे अनुमान एका आदेशासरशी कोसळते.

तेव्हा हा पट कोणी भरावा, हाच खरा प्रश्न आहे. सध्या तो भरतो तो अभ्यासक किंवा नगररचना खात्याचा सल्लागार, उपलब्ध शासकीय नकाशांवरून. विहीर गोडी कुठवर लागते, भरतीचे पाणी कोणत्या खाजणात शिरते, मासळी कुठे वाळते, कोणत्या वाडीला कोणत्या विहिरीचे पाणी जाते, याची माहिती त्या नकाशांत नसते. ती वाडवळ बागायतदाराजवळ आणि मांगेले मच्छीमारांच्या पाड्यावर असते, फार तर सातबाऱ्याच्या पीकपाहणीत तिचा एखादा अंश सापडतो. ग्रामसभेपुढे चौकटींचा नकाशा मांडून हा पट भरला तर सगळी जमीनच वर्ज्य ठरेल अशी भीती अधिकारी व्यक्त करतील, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. ज्याला जमीन विकावयाची आहे तोही त्याच सभेत बसलेला असतो. परंतु हितसंबंध कचेरीतही असतात. फरक एवढाच की सभेतील हितसंबंध बोलून दाखवावे लागतात व त्यांची नोंद होते. शिवाय एकच निर्णायक पट मागण्याचे कारण नाही. सभेचा एक, खात्याचा एक, असे दोन पट घेऊन गणित दोनदा चालवावे, आणि ज्या चौकटींत उत्तरे भिन्न येतील त्यांचीच सार्वजनिक चर्चा व्हावी. संगणकाला हे दुसऱ्यांदा करण्यास विशेष श्रम पडत नाहीत. आणि जी सत्ता अशा तुलनेसही तयार नसेल, तिने आपला निर्णय शास्त्राच्या नावावर खपवू नये, तो आपला आहे असे उघडपणे सांगावे.