मोहोरबंद ठेव

आज अनेक मराठी घरांत आईचे किंवा वडिलांचे ईमेल खाते मुलाच्या नाहीतर मुलीच्या संगणकावर उघडलेले असते, मग ती मुले कोथरूडला राहत असोत की परदेशात. त्यामागचे कारण रास्त असते. म्युच्युअल फंडाचे स्टेटमेंट, प्राप्तिकर खात्याची नोटीस, विजेचे बिल, सगळे त्या एकाच पत्त्यावर येते आणि सत्तरीतल्या माणसाला ते झेपत नाही. म्हणून पासवर्ड दिला जातो, मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवरून वाचून दाखवला जातो, ब्राउझर पासवर्ड लक्षात ठेवू का असे विचारतो आणि मुलगा हो म्हणतो. त्यानंतर पुन्हा कधी विचारावे लागत नाही. पण बिलाच्या खाली वडिलांच्या एका जुन्या मित्राचे पत्र असते आणि त्याखाली धाकट्या भावाचे, जमिनीच्या वाटणीबद्दलचे. ती पत्रे उघडण्याचा अधिकार नात्याने मिळतो का, एवढाच इथे प्रश्न आहे. तो मिळत नाही असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठी पाश्चात्त्य व्यक्तिवादाकडून काही उसने आणावे लागत नाही. आपल्या धर्मशास्त्रातच त्याला भक्कम आधार आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवींचे एक छोटेसे प्रकरण आहे. त्यात एका खास ठेवीचा विचार केला आहे: आत काय आहे ते न सांगता, पेटीत किंवा भांड्यात बंद करून दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू. ती जशी दिली तशीच परत करायची, असा नियम. राजाने, दैवाने किंवा चोराने नेली तर सांभाळणाऱ्याला दोष नाही. पण त्याने आपल्या मर्जीने ती वापरली तर त्याला दंड, शिवाय व्याजासकट भरपाई. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि महाराष्ट्रातले घरोघरचे मालमत्तेचे तंटे पुढे बहुतांशी तिच्याच आधारे सुटत आले. या नियमात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की वस्तू ताब्यात असणे आणि तिच्यावर हक्क असणे या दोन गोष्टी त्यात स्वच्छ वेगळ्या ठेवल्या आहेत. पेटी सांभाळणाऱ्याच्या घरात असते, उघडायला त्याला कोणी अडवणार नसते. देणाऱ्याचा सगळा भरवसा असतो तो त्याच्या संयमावर. वडिलांनी बिल भरण्यासाठी दिलेला पासवर्ड ही नेमकी अशी ठेव आहे. ती एका कामापुरती हाती आली आहे, आणि त्या कामाबाहेर जे काही आत आहे ते बंदच आहे, भले पडद्यावर ते एका क्लिकच्या अंतरावर असो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की नुसते वाचल्याने कोणाचे काय गेले? पत्र जागच्या जागी राहते, पैसा हलत नाही. पण हानीचा हिशेब केवळ वस्तूच्या घटीवर करणे आपल्या नीतिविचाराला कधीच मान्य नव्हते. तत्त्वार्थसूत्रात जैन आचार्य उमास्वातींनी न दिलेले घेणे म्हणजे चोरी अशी सरळ व्याख्या केली आहे. घेतलेल्या वस्तूचे मोल किती, हा मुद्दा तीत नाही. त्याच ग्रंथात सत्यव्रताचे अतिचार सांगताना दुसऱ्याचे एकांतातले गुपित उघड करणे हाही दोष मोजला आहे. उघड केलेली गोष्ट अक्षरशः खरी असली तरी तो दोषच. म्हणजे काहीही न हरवता, काहीही खोटे न बोलता माणसावर अन्याय होऊ शकतो, हे तिथे गृहीत आहे. शिवाय पत्राला दोन टोके असतात. जुन्या मित्राने आपले दुखणे किंवा आपली उधारी वडिलांना कळवली ती त्यांना ओळखून. त्यांचा मुलगा ते वाचेल याची त्याला कल्पना नसते, आणि त्याची संमती कोणी मागितलेलीही नसते.

आणि वाचणाऱ्याला आपण काय केले हे कळत नाही असेही नाही. जीमेलमध्ये न वाचलेले पत्र ठळक अक्षरांत दिसते. उघडले की अक्षरे बारीक होतात. मग बाण पुन्हा वर जातो आणि ते पत्र न वाचलेले असल्याची खूण केली जाते. अक्षरे परत ठळक होतात. वडिलांना संध्याकाळी ते नवे कोरे दिसते. विजेचे बिल उघडल्यावर ही खटपट कोणी करत नाही. जे लपवावेसे वाटते ते दिलेल्या परवानगीत बसत नव्हते, याची याहून स्पष्ट साक्ष शोधायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपल्या घरांत ‘तुझे’ आणि ‘माझे’ नसते, गुपिते ठेवणे हेच परकेपणाचे लक्षण. या भावनेत माया आहे आणि ती मी हलकी लेखत नाही. परंतु एकत्र कुटुंबाची बाजू ज्या शास्त्राच्या नावाने मांडली जाते, त्याच शास्त्राने घरातल्या घरात सीमा आखल्या आहेत. स्त्रीधन हे बायकोचे. नवऱ्याला ते केवळ दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा तो स्वतः अडकवला गेला असता घेता येते, असे याज्ञवल्क्य सांगतो. कुराणाच्या सूरह नूरमध्ये तर घरातल्याच मुलांनी आणि सेवकांनी पहाटेच्या नमाजाआधी, दुपारी विश्रांतीच्या वेळी आणि रात्रीच्या नमाजानंतर परवानगी घेऊनच आत यावे असे सांगितले आहे. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली. त्यांत मुलांना अंधारात ठेवून गुपचूप खाणारा बापही त्यांनी चोरच ठरवला. घर म्हणजे अस्तेयाला सुट्टी, असे यांच्यापैकी कोणीच मानलेले नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्येही परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याला नात्यासाठी सूट नाही. पण कोर्टाची भीती हा या प्रश्नातला दुय्यम भाग आहे.

मग संकटाचे काय? पोलीस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली वृद्धांना लुबाडणाऱ्या टोळ्या आहेत, स्मृतिभ्रंशाने आईला आपलेच खाते ओळखू येईनासे होते, अल्पवयीन मुलाला कोणी अनोळखी माणूस धमकावत असतो. अशा वेळी दारात थांबून राहणे हा धर्म नव्हे. स्त्रीधनाच्या नियमातले अपवाद याच जातीचे आहेत: ओढवलेली आपत्ती, दुखणे, कोंडी. काळजी हा शब्द त्या यादीत नाही, कारण काळजी रोजच असते आणि तिच्या नावावर रोजच काहीही उघडता येते. कारण संपले की मुभाही संपली पाहिजे, आणि काय पाहिले ते त्या माणसाला, तो समजू शकत असेल तर, सांगितले पाहिजे. रोजच्या कामासाठी तर साधा मार्ग आहे. फक्त बँकेची आणि फंडाची पत्रे मुलाच्या पत्त्यावर आपोआप पाठवणारा फिल्टर वडिलांच्याच खात्यात लावता येतो. पासवर्ड वडिलांपाशीच राहतो, मित्राचे पत्रही.

मृत्यूनंतरचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. २०१२ साली बर्लिनमध्ये एक पंधरा वर्षांची मुलगी भुयारी रेल्वेखाली सापडून गेली. अपघात की आत्महत्या हे जाणून घ्यायला आईवडिलांना तिचे फेसबुक खाते हवे होते. १२ जुलै २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते वारसांना द्यावे असा निर्णय दिला. पत्रे आणि डायऱ्या वारसांकडे जातात, तर डिजिटल मजकूर वेगळा का मानायचा, असा त्याचा युक्तिवाद होता. कायदा म्हणून मला तो पटतो, आणि त्या आईवडिलांचे कारणही आपत्तीचेच होते. तरी ठेवीचा मालक गेल्याने ठेवीची मोहोर आपोआप तुटते असे मी मानत नाही. वारशात विम्याची पॉलिसी येते तसा मृताच्या मौनाचा मान राखण्याचा भारही येतो. गूगलने २०१३ मध्ये सुरू केलेल्या सोयीत खाते तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने वापरात नसेल तर कोणाला काय मिळावे हे मालकालाच ठरवता येते. दहापर्यंत माणसे निवडता येतात, आणि कोणाला फोटो द्यायचे नि कोणाला मेल, हेही वेगवेगळे सांगता येते. आईबाबांना ते लावून देताना मुलाने खुर्ची त्यांना द्यावी आणि मेलसमोरची चौकट त्यांनी रिकामी ठेवली, तर का म्हणून विचारू नये.