रुंद चाके आणि जुना आस

मनुष्याच्या हाती एखादी जुनी वस्तू आली, की तिच्याविषयी दोन इच्छा त्याच्या मनात एकाच वेळी जाग्या होतात. ती होती तशीच राहावी, ही एक. आणि ती आहे त्याहून अधिक समर्थ व्हावी, ही दुसरी. जुन्या स्पोर्ट्‌स कारला मूळच्यापेक्षा रुंद चाके व टायर बसविण्याचा जो छंद काही तरुणांत दिसतो, त्यात या दोन्ही इच्छांची ओढाताण आहे. वरवर पाहता हा गॅरेजमधला प्रश्न. परंतु बळ कोणाला द्यावे आणि त्या बळाचा भार कोणी वाहावा, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

आमच्या हातकणंगले तालुक्यात कौशल्याची वाण नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि लेथकाम जाणणारे हात पुष्कळ आहेत. मनात आणले तर ते हवा तो भाग घडवून देतील. तेव्हा ‘हे करता येईल काय?’ हा प्रश्न येथे फार वेळ टिकत नाही. ‘हे करावे काय?’ हा मात्र उरतो.

१९४५ साली इंग्लंडात तयार होऊ लागलेली एम.जी. टी.सी. ही दोन आसनांची मोटार उदाहरणादाखल घेऊ. तिची तारांची चाके एकोणीस इंच व्यासाची आणि टायर अवघे साडेचार इंच रुंद. आजच्या डोळ्यांना ती सायकलच्या चाकांसारखी वाटतात. पण तिचा सांगाडा, बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे हे सर्व त्या अरुंद टायरची पकड गृहीत धरून घडविलेले. वळणावर वेग अती झाला, की असा टायर हळूहळू घसरू लागतो. चालकाला इशारा मिळतो आणि इतर भागांवरील ताण तेथेच थांबतो. त्या जागी रुंद आणि आधुनिक रबराचा टायर आला, की पकड वाढते, हे खरे. परंतु जो ताण पूर्वी रस्त्यावरच ओसरत होता, तो आता चाकाच्या तारांत, बेअरिंगमध्ये आणि सांगाड्यात शिरतो. चाक बाहेरच्या बाजूस सरकले, तर बेअरिंगवर तरफेसारखा जोर पडतो आणि स्टिअरिंग जड होते. भर पावसात साचलेले पाणी कापण्याऐवजी हलक्या गाडीचा रुंद टायर त्यावर लवकर तरंगू लागतो. चाकाचा घेर दहा टक्क्यांनी वाढला, तर वेगमापक ताशी ६० किलोमीटर दाखवीत असताना गाडी ६६ च्या वेगाने धावत असते. काट्याचा त्यात अपराध नाही. तो बिचारा जुन्याच चाकाचा हिशेब प्रामाणिकपणे सांगत असतो.

याच गोष्टीचे दुसरे रूप पाहण्यास शर्यतीच्या मोटारीचीही गरज नाही. उसाच्या हंगामात आमच्या भागातील साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्या पाहाव्यात. लाकडी चाक आणि त्यावरची लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आले, तेव्हा बैलांचे कष्ट कमी झाले असे सर्वांना वाटले. सपाट वाटेवर ओढ हलकी झालीही. पण मुक्या जनावरांवरील क्रौर्य रोखण्यासाठी १९६५ साली झालेल्या केंद्रीय नियमांतच पाहा: २०० ते ३५० किलो वजनाच्या बैलाने ओढावयाच्या दोन चाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर भाराची मर्यादा ७०० किलो, आणि असतील तर १०५० किलो. बैल तोच, भार दीडपट. चाकाने जे वाचविले, ते बैलाच्या वाट्याला न येता मोळ्यांच्या वाट्याला आले. शिवाय चढावर टायरची मदत थोडीच होते. तेथे वाढलेले वजन बैलाच्याच खांद्याला ओढावे लागते. उतारावर तर गाडीच त्याला मागून ढकलते.

याचा अर्थ कोणताही बदल निषिद्ध आहे, असा नव्हे. जुन्या मापाचा टायर बाजारात मिळेनासा होतो. नव्या रबराने गाडी वेळेवर थांबते आणि एखाद्याचा जीव वाचतो. तारांची चाके कमकुवत झाली असता ती हट्टाने जपणे हा काही सद्‌गुण नव्हे. ‘गाडी माझी आहे, पैसा माझा आहे,’ हे म्हणणेही अगदीच निराधार नाही. पण रस्ता एकट्याचा नसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने अशा फेरफारांना मर्यादा घातली आहे, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी स्पष्ट केले. कायदा आपल्याला कोठे थांबावे एवढेच सांगतो. त्या सीमेच्या अलीकडेही विवेकाला काम उरतेच.

ते काम असे, की एका भागाला बळ देताना शेजारच्या भागाची विचारपूस करावी. रुंद चाक सर्वांना दिसते. बेअरिंग कोणालाच दिसत नाही. आपल्या घरांतही हेच घडते. मिळकत जुनीच असते आणि लग्नाचा थाट मात्र नव्या मापाचा होतो. मंडपात तो थाट सर्वांच्या डोळ्यांत भरतो, परंतु पुढची काही वर्षे त्या कर्जाचे हप्ते ज्या आईच्या काटकसरीतून फिटतात, तिला कोणी विचारलेले नसते. एका मुलाच्या शिक्षणाला वेग यावा म्हणून त्याच्या बहिणीची शाळा सुटते. बदल चांगल्या हेतूने केलेला असतो, आणि म्हणूनच त्याचा भार कोठे गेला हे शोधण्याची गरज कोणाला भासत नाही.

म्हणून ज्याला आपली जुनी मोटार नव्या चाकांवर उभी करावयाची आहे, त्याने प्रथम तिचे बेअरिंग, सांधे आणि ब्रेक तपासून घ्यावेत. ते तो भार पेलण्याजोगे करावेत, अथवा चाकाची रुंदी त्यांना झेपेल इतकीच ठेवावी. बैलगाडीच्या मालकाने टायरमुळे वाचलेल्या कष्टातील काही हिस्सा बैलासाठी राखून ठेवावा. आणि घरातील कर्त्या माणसाने नवा बेत ठरविण्यापूर्वी, जे सहसा बोलत नाहीत त्यांच्याजवळ क्षणभर बसून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.