यांना नमस्कार करायचा का?

लहान मुलांचे प्रश्न चुकवण्याची एक युक्ती आम्ही म्हातारी माणसे वयाबरोबर शिकतो. ती म्हणजे घड्याळाकडे पाहणे. मीही ती एकदा वापरली, आणि तिची टोचणी अजून गेलेली नाही.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये मी लंडनला भाचीकडे राहायला गेलो होतो. भाची आणि जावई कामावर गेले, की तिची आठ वर्षांची मुलगी आणि मी, असे दोघे गाव पालथे घालायला मोकळे. एका दुपारी हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून आम्ही ग्रीन पार्ककडे वळलो, तो फिकट दगडी खांबांची एक वास्तू समोर आली. वर मधोमध छप्पर उघडे. खाली चौथऱ्यावर ब्राँझचे सात तरुण उभे. पुतळे माणसाहून उंच. अंगात विमानात घालायचे जाडजूड कपडे, चेहऱ्यांवर रात्रभराचा शीण. कुणी आकाशात कुणाची तरी वाट पाहत आहे, कुणाची मान खाली गेली आहे. पायथ्याशी फुले आणि चिठ्ठ्या.

मूर्ती दिसली की हात जोडायचे, हे वळण पोरीला तिच्या आजीने लावलेले. तिने हात उचलले आणि विचारले, "आजोबा, हे कोण?"

"दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक. विमानातून बाँब टाकायचे."

हात तसेच अर्ध्यावर राहिले. "कशावर?"

"जर्मनीतल्या शहरांवर."

"मग तिथे माणसे नव्हती?"

"होती."

"मग यांना नमस्कार करायचा का?"

मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "चल, उशीर झाला. आई वाट बघत असेल."

पोर आता कॉलेजात आहे. तिला तो प्रसंग आठवतही नसेल. प्रश्न मात्र तिने माझ्याकडे ठेवायला दिला तो दिलाच.

उत्तर शोधायचे तर आधी हे सात जण कोण होते ते पाहिले पाहिजे. लँकेस्टर नावाच्या बाँबफेकी विमानात सात माणसे असत: वैमानिक, इंजिन सांभाळणारा, वाट काढणारा, बिनतारी संदेशवाला, बाँबचा नेम धरणारा, आणि दोन मशीनगनवाले, एक पाठीवरच्या मनोऱ्यात आणि एक अगदी शेपटीच्या टोकाला. ब्रिटनच्या विमानदलाच्या बाँबर कमांड या विभागातून अशी सुमारे १,२५,००० माणसे उडाली. त्यांत कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, वेस्ट इंडीज अशा अनेक ठिकाणचे तरुण होते. सारे स्वेच्छेने आलेले. सरासरी वय बावीसच्या आसपास. त्यांपैकी ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. एका फेरीत तीस मोहिमा पुऱ्या करायच्या असत. न्याहारीच्या टेबलावर रोज नव्या खुर्च्या रिकाम्या दिसत असताना तीस हा आकडा बावीस वर्षांच्या मुलाला किती मोठा वाटत असेल याचा विचार करावा. आणि ज्याचे मन मध्येच खचले, 'आता मला जमत नाही' असे जो म्हणाला, त्याच्या कागदावर नैतिक बळ कमी असल्याचा शेरा पडे. विमानात बसणे हे नैतिक बळ, आणि न बसणे हा त्याचा अभाव! शब्दांची अशी उलथापालथ युद्धातच होऊ शकते.

एवढे ऐकले की हात आपोआप जुळू लागतात. म्हणून लगेच दुसरी बाजू पाहावी.

१९४० च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहर जाळले. त्याआधीपासून लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते. ब्रिटनची विमाने उलट जात, पण १९४१ च्या ऑगस्टमधल्या एका सरकारी अहवालात असे निघाले, की लक्ष्यावर बाँब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तिसरा हिस्साच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होता. रात्रीच्या अंधारात कारखाना सापडत नाही, शहर सापडते. १९४२ च्या फेब्रुवारीत हुकूम निघाला, की शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य हेच मुख्य लक्ष्य धरावे. शब्द सोवळा आहे. मनोधैर्यावर बाँब टाकायचा तर तो घरावरच टाकावा लागतो. १९४३ च्या जुलैत हँबर्गमध्ये आगीचे वादळ उठले. त्या एका आठवड्यात सुमारे ३७,००० माणसे मेली. १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेन जळाले. तिथे २५,००० पर्यंत माणसे मेली असावीत, असा निर्णय २०१० साली इतिहासकारांच्या समितीने दिला. त्यांत पाळण्यातली मुले होती, आणि त्या मुलांनी हिटलरला मते दिली नव्हती.

हिटलरशाही बुडायलाच हवी होती, याविषयी माझ्या मनात कधी शंका नव्हती. या मोहिमेने जर्मनीच्या हजारो तोफा आणि शेकडो लढाऊ विमाने आपापल्या शहरांवर खिळवून ठेवली, हेही खरे. तरीही १९४४ च्या फेब्रुवारीत चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी भर युद्धात उमरावांच्या सभेत उभे राहून विचारले, की अख्खी शहरे पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्यांना फार थोड्यांनी साथ दिली. म्हणजे 'त्या वेळी कुणाला हे सुचणेच शक्य नव्हते', ही पळवाटही उरत नाही.

युद्ध संपत आले तशी एक चमत्कारिक गोष्ट झाली. ज्या पंतप्रधानांच्या संमतीने हे सारे चालले होते, त्या चर्चिल यांनीच मार्च १९४५ अखेर लिहिले, की केवळ दहशत वाढवण्यासाठी जर्मन शहरांवर बाँब टाकण्याचा आता फेरविचार व्हावा. शांतता झाल्यावर बाँबर कमांडसाठी म्हणून वेगळे पदक निघाले नाही. पदकाच्या फितीवर लावायची एक छोटी पट्टी मिळाली ती २०१३ साली. आणि ते ग्रीन पार्कमधले स्मारक राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उघडले गेले ते २८ जून २०१२ रोजी, म्हणजे युद्ध संपून सदुसष्ट वर्षे झाल्यावर. तोवर बहुतेक वैमानिक वाट पाहून गेलेले. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपल्याकडचीच आहे असे आपण उगाच समजतो. ज्या समाजाने पोरांच्या हातून काम करवून घेतले, त्याला नंतर त्या हातांकडे पाहण्याची लाज वाटू लागली. आणि ती लाज त्याने स्वतःच्या नावावर न घेता पोरांच्या नावावर लिहिली.

मग उशिरा का होईना, मान मिळाला हे चांगलेच झाले. पण मान कसा द्यायचा? कॅनडात ओटावा येथे युद्धाचे संग्रहालय आहे. तिथल्या एका फलकावर लिहिले होते, की या बाँबफेकीची उपयुक्तता आणि नैतिकता यांविषयी अजून वाद आहे. वृद्ध वैमानिकांना ते लागले. त्यांना वाटले, आपल्या मेलेल्या सोबत्यांना कुणी खुनी म्हणत आहे. प्रकरण सिनेटच्या उपसमितीपर्यंत गेले आणि २००७ साली मजकूर बदलला. त्या म्हाताऱ्यांचे दुःख मला समजते. पण दुसऱ्याच्या मनाला लागू नये म्हणून आठवणीतला एक भाग झाकायचा, याला मान म्हणावे की मनधरणी?

ग्रीन पार्कमध्ये मी दुसऱ्या दिवशी परत गेलो होतो, एकटाच. त्या सात पुतळ्यांसमोर एक गृहस्थ काठी टेकून उभे होते. कोटावर पदके. मी थोडा बाजूला झालो, तर त्यांनीच विचारले, "कुठून आलात?" मी सांगितले. वय एकोणनव्वद. एकोणिसाव्या वर्षी लँकेस्टरच्या शेपटीत बसत होते.

"बाकीच्यांची तोंडे पुढे," ते म्हणाले, "माझे मागे. त्यामुळे जाताना मला काही दिसायचे नाही. परतताना सगळे दिसायचे. शंभर मैल मागे पडले तरी दिसायचे."

मी गप्प राहिलो. त्यांनी खुणेच्या दिव्यांविषयी सांगितले. बाँब कुठे टाकायचे हे दाखवण्यासाठी पुढची विमाने लाल, हिरवे, पिवळे दिवे सोडत. ते झुंबरासारखे हळूहळू खाली उतरत. जर्मन लोक त्यांना ख्रिसमसची झाडे म्हणत. तळघरात जाण्यापूर्वी मुले ते पाहत.

"फार सुंदर दिसायचे," ते म्हणाले. "बायकोला मी थंडीच्या गोष्टी सांगितल्या, भीतीच्या सांगितल्या, मित्रांच्या सांगितल्या. ते सुंदर होते, एवढे मात्र कधी सांगितले नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुमच्याकडे दिव्यांचा सण असतो ना?"

"हो."

"छान," ते म्हणाले, आणि पुतळ्यांकडे पाहू लागले.

त्या गृहस्थांनी परक्याला हे का सांगितले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, ज्यांनी त्यांना वीर म्हटले त्यांना हे वाक्य ऐकायचे नव्हते, आणि ज्यांनी त्यांना मारेकरी म्हटले त्यांनाही. गौरव करणाऱ्याने आणि धिक्कार करणाऱ्याने, दोघांनीही त्यांचे तोंड सारख्याच घट्टपणे मिटवले होते. सत्तर वर्षे एक वाक्य आत राहिले. आठवणीचा मान राखणे म्हणजे आधी ती पुरी ऐकून घेणे, हे मला तिथे कळले. पुरी, म्हणजे तिच्यातल्या भयासकट, सोबत्यांवरच्या मायेसकट, आणि ज्याची सांगणाऱ्याला लाज वाटते त्या भागासकट. आणि वरून पाहणाऱ्याची आठवण पुरी करायची तर खालून पाहणाऱ्याची तिच्याशेजारी ठेवावीच लागते.

हे करणारी माणसे आहेत. ग्रीन पार्कच्या त्याच स्मारकावर १९३९ ते १९४५ मधल्या बाँबफेकीत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या माणसांचेही स्मरण कोरले आहे. लिंकन गावी २०१८ साली उघडलेल्या केंद्रात भिंतींवर वैमानिकांची सुमारे ५८,००० नावे आहेत, आणि तिथल्या संग्रहात जमिनीवर बाँब झेललेल्यांच्या आठवणीही जपल्या आहेत. ड्रेस्डेनचे जळून कोसळलेले फ्राउएनकिर्शे हे चर्च पुन्हा बांधून २००५ साली उघडले. त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनमध्ये घडवला गेला, आणि तो घडवणाऱ्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर गेलेल्या वैमानिकांपैकी होते. आणि आपल्या अंधेरीचे चेशायर होम ज्यांच्या नावाचे, ते लिओनार्ड चेशायर याच बाँबर कमांडचे. शंभर मोहिमा केलेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरचा बाँब त्यांनी विमानातून पाहिला. तो टाकणे चुकले असे ते कधी म्हणाले नाहीत. पण पुढचे सारे आयुष्य त्यांनी असाध्य रोग्यांची आणि अपंगांची सेवा करण्यात घालवले. एका माणसात या दोन्ही गोष्टी नांदल्या. मग आपल्या एका नमस्कारात त्या का मावू नयेत?

आपल्याकडे रात्रीच्या संहाराची गोष्ट जुनी आहे. अश्वत्थाम्याने झोपलेली छावणी कापून काढली. महाभारताने त्याला क्षमा केली नाही. कपाळीचा मणी गेला आणि जखम कायमची राहिली. माझ्या सात वैमानिकांची त्याच्याशी बरोबरी मी करत नाही. तो सूडाने पेटला होता, हे हुकमाने गेले. त्याने जीव धोक्यात घातला नाही, यांनी रोज घातला. पण आमच्या आजीने ती गोष्ट सांगताना एक सांगितले होते, की तो अजून दारोदार जखमेसाठी तेल मागत फिरतो, आणि आला तर नाही म्हणू नये. ज्याने झोपलेली पोरे मारली त्याला तेल का द्यायचे, असे मी विचारले. ती म्हणाली, "तेल दिल्याने त्याचे पाप कमी होत नाही रे. पण नाही म्हटले तर आपले वाढते."

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी अभ्यंगापूर्वी सात चिरंजीवांच्या नावाने जमिनीवर तेलाचे सात ठिपके ठेवतात. यंदा भाचीची मुलगी दिवाळीला इकडे येणार आहे. तिला मी तिच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. म्हणेन, "हो, नमस्कार कर. पण करून झाल्यावर लगेच पाठ फिरवू नकोस. हे कोण होते आणि त्यांच्या खाली कोण होते, हे दोन्ही विचार, आणि कुणी सांगू लागले तर घड्याळाकडे पाहू नकोस." मग वाटी तिच्या हातात देईन आणि ते सात ठिपके तिलाच ठेवायला सांगेन. त्यांतला पहिला अश्वत्थाम्याचा असतो.