नाव एकाचे, बंदूक दुसऱ्याची

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेणाऱ्याला आधी फॉर्म ४४७३ भरून द्यावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो: या शस्त्राचे खरे खरेदीदार तुम्हीच आहात का? दुसऱ्याच्या वतीने शस्त्र घेत असाल तर तुम्ही खरे खरेदीदार नाही, असा इशाराही तिथेच छापलेला असतो. हे वाचूनही दुसऱ्यासाठी घेणारा ‘होय’ लिहितो, तेव्हा त्या व्यवहाराला तिकडे ‘स्ट्रॉ पर्चेस’ म्हणतात. मराठी वाचकाच्या परिचयाचा बेनामी व्यवहार याच जातीचा: पैसा एकाचा, कागदावर नाव दुसऱ्याचे. मात्र बेनामी जमीन जागची हलत नाही. बंदूक हातोहात पुढे जाते.

या प्रश्नावर बरेच काही अवलंबून आहे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरारी, अमली पदार्थांचे सेवन करणारे अशा अनेकांना शस्त्र घेण्यास बंदी केली. १९९३ च्या ब्रॅडी कायद्यामुळे विक्रीपूर्वी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक झाले आणि १९९८ पासून ही तपासणी राष्ट्रीय संगणकीय यंत्रणेमार्फत होऊ लागली. पण यंत्रणा तपासते ती काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला. पुढे एखाद्या गुन्ह्यात बंदूक सापडली, तर तिच्या क्रमांकावरून आधी उत्पादक, मग घाऊक विक्रेता, मग दुकान आणि शेवटी दुकानातला हा फॉर्म, असा माग काढला जातो. फॉर्मवरचे नाव खोटे पडले की मागही तिथेच अडखळतो.

खरा खरेदीदार कायद्याने पात्र असेल तर काय, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न. ‘अब्राम्स्की विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात तोच उभा राहिला. २००९ मध्ये व्हर्जिनियातील एका माजी पोलिसाने पेनसिल्व्हेनियातील आपल्या काकांसाठी ग्लॉक १९ पिस्तूल घेतले. पोलिसांना मिळणारी सवलत आपल्याला मिळेल, असा त्याचा हिशेब होता. काकांनी ४०० डॉलरचा चेक आधीच पाठवला होता आणि पैसे कशासाठी, हेही त्यावर लिहिले होते. पुतण्याने फॉर्मवर ‘होय’ अशी खूण केली. नंतर पेनसिल्व्हेनियात परवानाधारक विक्रेत्यामार्फत, काकांची रीतसर तपासणी होऊन, पिस्तूल त्यांच्या हाती गेले. तरीही पुतण्या दोषी ठरला. १६ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा कायम केली.

बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिले, त्याचा आशय असा: कायद्याला तपासायचा आहे तो खरा खरेदीदार, मध्यस्थाला तपासून भागणार असेल तर सारी व्यवस्था निरर्थक ठरते. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे मत उलट होते. दुकानदाराने ज्याला विकले तोच खरेदीदार. आणि फौजदारी कायद्यात संदिग्धता असेल तर तिचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे. पात्र माणसासाठी केलेली खरेदी गुन्हा नाही, अशी हा कायदा राबवणाऱ्या सरकारी खात्याची स्वतःचीही भूमिका १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

स्कॅलिया यांचा आक्षेप हलका नाही. स्वतःच्या पैशाने बंदूक घेऊन कुणाला मनापासून भेट दिली तर कायदा ती चालवून घेतो. तिथे भेट घेणाऱ्याची तपासणी होत नाही. तरीही बहुमताची बाजू अधिक भक्कम आहे. समोर नसलेला माणूस पात्र आहे की नाही, हे दुकानदाराला कळण्याचा मार्गच नसतो. ‘माझा माणूस पात्र होता’ हा बचाव मान्य केला, तर पात्रता ठरवण्याचे काम यंत्रणेकडून निघून मध्यस्थाच्या हाती जाते. म्हणून गुन्हा पुढच्या परिणामात नाही, फॉर्मवरच्या खोट्या उत्तरात आहे.

शिक्षेत मात्र तारतम्य हवे, आणि ते दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने झालेल्या २०२२ च्या कायद्याने आणले. खोट्या उत्तरासाठी जुन्या तरतुदीनुसार दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नव्या कायद्याने अपात्र व्यक्तीसाठी जाणूनबुजून केलेली खरेदी हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्याला पंधरा वर्षांपर्यंत, आणि शस्त्र गंभीर गुन्ह्यात वापरले जाणार हे ठाऊक असेल तर पंचवीस वर्षांपर्यंत कैद आहे. काकांसाठी सवलत मिळवू पाहणारा आणि टोळीला बंदुका पुरवणारा यांना एकाच मापाने मोजू नये, हे न्यायाला धरूनच आहे.

अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा विषय परका नाही. अशा व्हिसाधारकाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगता येत नाही. त्याच्यासाठी नागरिक असलेल्या मित्राने ती घेतली, तर मैत्रीखातर केलेले ते कामही गुन्हाच ठरते.

मोठी फट मात्र दुकानाबाहेर आहे. एकाच राज्यातील खासगी व्यक्तींमधल्या विक्रीला संघराज्याच्या कायद्याने ना फॉर्म लागतो, ना तपासणी. कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन शाळेत १९९९ मध्ये झालेल्या हत्याकांडातील चारपैकी तीन बंदुका हल्लेखोरांच्या अठरा वर्षांच्या मैत्रिणीने प्रदर्शनात खासगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या होत्या. तिला कोणी काही विचारलेच नाही. त्यामुळे खोटे बोलण्याचा प्रसंगही आला नाही. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० मध्ये प्रदर्शनांतील विक्रीलाही तपासणी सक्तीची केली. हाच नियम देशभर लागू होत नाही तोवर, बेनामी खरेदीविरुद्धचा कायदा प्रश्न विचारला जातो तेवढ्याच व्यवहारांपुरता राहणार.