पन्हळीतलं पाणी

गुहागर तालुक्यातल्या एका गावात दिनेश आणि सलीम एकाच बाकावर बसून आयटीआय शिकले, इलेक्ट्रिशियनचं. 2022 चा पाऊस सरत आला तेव्हा दोघांनाही दुबईच्या नोकरीची पत्रं आली. दिनेशच्या पत्रावर पगार होता 2,600 दिरहम, सलीमच्या पत्रावर 1,800. दिरहमला तेव्हा साधारण 22 रुपये मिळत. गावाने तिथल्या तिथे गुणाकार केला. दिनेशचे 57,200 आणि सलीमचे 40,000 सुद्धा नाहीत. दिनेशच्या आईने देवळात नारळ फोडला आणि प्रसादाबरोबर 57,000 चा आकडाही घरोघर पोचला.

दोघे पेढे घेऊन हसनचाचांकडे गेले. शारजात 26 वर्षं काढून आलेला माणूस, खाडीकाठी नारळ-पोफळीचं आगर सांभाळून होता. पेढा हातात धरूनच त्यांनी विचारलं, "खोली कंपनीची की तुमची?"

"माझी मलाच बघायचीय," दिनेश म्हणाला. "जेवण, जाणं-येणं सगळं धरून 2,600 आहेत, चाचा."

"बेसिक किती?"

दिनेशने पत्र पुन्हा पाहिलं. बेसिक 900, बाकीचे 1,700 'इतर भत्ते'. सलीमचं बेसिक होतं 1,500, वर 300. त्याची खोली आणि बस कंपनीची, जेवण आपलं आपण करायचं.

"हा बेसिकचा आकडा आधी वाचायचा असतो रे," चाचा म्हणाले. "जादा कामाचे पैसे त्याच्यावरच धरतात. तू एक तास जादा राबलास तर तुला पाच दिरहमही सुटणार नाहीत, याला पावणेआठ सुटतील. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक. पाच वर्षांनी तुझे 3,150 दिरहम होतील, याचे 5,250. तिथल्या सरकारी नमुन्यातलं पत्र हिंदीतही मिळतं, ते मागून घे. एजंटला किती दिलेस?"

"1 लाख 20 हजार. सावकाराकडून महिना शेकडा तीनने काढलेत."

चाचांनी पेढा परत खोक्यात ठेवला. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे नोंदणी असलेल्या एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. अमिरातीचा कायदा तर भरतीचा खर्च मालकावरच टाकतो. सलीमने नोंदणी बघून एजंट धरला होता आणि 35,400 रुपयांची पावती घेतली होती. दिनेशकडे पावतीच नव्हती.

"मी गेलो तेव्हा माझ्या बापानेही असाच गुणाकार केला होता," चाचा म्हणाले. "वजाबाकी मी तिकडे एकटा करत बसलो."

पण पैसे देऊन झाले होते, तिकीट आलं होतं, गावभर पेढे वाटून झाले होते. दिनेश निघाला.

दिरहमचे रुपये किती होतात हे बघण्यात काही चूक नाही. घरी रुपयेच लागतात. पण जो माणूस तिकडे राहतो त्याचं पोट दिरहममध्येच भरायचं असतं, आणि टपरीवरच्या एक-दीड दिरहमच्या चहाला इथला कुणी 22 ने गुणत नाही. आयकर नाही, हे प्रत्येक जण सांगतो आणि ते खरंही आहे. 2018 पासून बहुतेक खरेदीवर 5 टक्के व्हॅट लागतो, ते मात्र निघणाऱ्या पोराला कुणी सांगत नाही. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं, की आकडा एकदा गावात बोलला गेला की पोराच्या डोक्यावर ते दुसरं कर्ज होऊन बसतं. सावकाराचं फेडता तरी येतं.

दिनेश देरा भागात एका खोलीत आठ जणांबरोबर राहू लागला. खाटेवर खाट, वरची त्याची. काम जबल अलीच्या बाजूला, रोज मेट्रो आणि पुढे बस. पहिल्या महिन्यात त्याने घरी 16,500 रुपये धाडले. आईने त्यातले 3,600 व्याजाचे दिले, उरलेल्याकडे ती बघतच राहिली. तिने गवंड्याला स्लॅबचा शब्द दिला होता. दुसऱ्या महिन्यापासून दिनेश 25,000 धाडू लागला. खोलीतल्या कुणाकडून तरी उसने घ्यायचे, पगार झाला की फेडायचे आणि पुन्हा घ्यायचे. शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून बुर्ज खलिफापाशी काढलेला फोटो तो आईला पाठवी. मार्चमध्ये कुणी उसनं देईना. त्या महिन्यात घरी 9,000 आले.

दिनेशची आई हसनचाचांच्या आगरात शिंपण्याला जात असे. पंप होता, पण आगराच्या खालच्या टोकाला नव्या पोफळींची रांग होती, तिथे पाणी अजून पोफळीचं खोड चिरून केलेल्या जुन्या पन्हळीतूनच जाई. त्या दिवशी हातातली कळशी खाली ठेवून ती म्हणाली, "हसनभाई, खरं सांगा. सलीमचा पगार कमी, तरी तो 26,000 धाडतो. माझ्या पोराला काही नाद लागलाय का?"

चाचा काही बोलले नाहीत. ओटीवर जाऊन सुपाऱ्या आणि अडकित्ता घेऊन आले आणि सारवलेल्या पायरीवर त्यांनी 26 सुपाऱ्या मांडल्या.

"वहिनी, एक सुपारी म्हणजे 100 दिरहम. हा दिनेशचा पगार. आता खाटेचं भाडं." आठ सुपाऱ्या त्यांनी बाजूला केल्या. "दोन वेळचं जेवण." चार उचलल्या, पाचवी अडकित्त्याने फोडून अर्धी घेतली. "मेट्रो-बसचा पास." साडेतीन. "फोन. तिकडे व्हॉट्सअॅपवर बोलता येत नाही, दुसरं अॅप घ्यावं लागतं, नेटचे पैसे वेगळे." एक. "साबण, न्हावी, चहा, पैसे पाठवायची फी." दीड.

पायरीवर साडेसात उरल्या.

"सावकाराचं व्याज तुम्हीच देता ना?" असं विचारून त्यांनी आणखी दीड सरकवली. "सहा. खरं तर सहाही पुऱ्या नाहीत. मुद्दल अजून तसंच आहे."

मग शेजारी त्यांनी सलीमच्या 18 मांडल्या. खोली नाही, बस नाही, व्याज नाही. जेवणाच्या साडेतीन, कारण कंपनीच्या वसाहतीतल्या स्वयंपाकघरात पोरं मिळून शिजवतात. फोन आणि किरकोळ मिळून अडीच. बारा उरल्या.

ती बाई पायरीशी बसली. तिने दोन्ही ढीग हाताने पुन्हा मोजले. पन्हळीच्या सांध्यांतून थेंब गळत होते, खालची माती काळी ओली झाली होती. शेवटच्या पोफळीच्या आळ्यात जेमतेम ओल होती.

"इथे दहा कळशा ओतल्या तर त्या टोकाला सहा पोचतात," ती म्हणाली. "हे मला रोज दिसतं. माझी पन्हळ बरी म्हणायची, दिनूची तर याहून गळते. विहिरीवरचं मोजून मी गावभर सांगितलं, हसनभाई. झाडाशी किती पोचतं ते कधी विचारलंच नाही."

"त्यानेही सांगितलं नाही."

"मी सांगू दिलं नाही."

त्या संध्याकाळी ती बचत गटाच्या बैठकीत गेली. शेकडा दीडने मिळेल तेवढं कर्ज मागितलं, सावकाराचं मुद्दल आधी उतरवायचं म्हणून. रात्री तिने शेजारच्या मुलीला फोन लावून द्यायला सांगितलं.

"दिनू, खाटेचे 800 जातात ना?"

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्याने विचारलं, "कोणी सांगितलं?"

"उसने किती घेतलेस?"

"1,500 दिरहम."

"आज काय जेवलास?"

"खुबूस आणि डाळ."

"आणि काल?"

"तेच."

"मग ऐक. पुढल्या महिन्यापासून 8,000 धाड, जास्त नको. उरतील त्यातून पोरांचे पैसे फेड, आणि रोज नीट जेव. गवंड्याला मी सांगून आलेय. कौलं अजून पाच पावसाळे काढतील."