भाड्याने घेतलेलं काम

महाबळेश्वरला खोली घेतली की आपला पहिला प्रश्न ठरलेला : गरम पाणी किती वाजता येतं? फिनलंडमध्ये तळ्याकाठची ओंडक्यांची केबिन भाड्याने घेतली, तर हा प्रश्न विचारायला समोर कुणी नसतं. किल्ली कुठे ठेवली आहे तेवढा निरोप फोनवर येतो. बऱ्याच ठिकाणी चादरी-टॉवेल आपले आपण न्यायचे आणि निघताना झाडून-पुसून घर परत करायचं. चहा हवा तर पाणी आणा. ऊब हवी तर लाकडं आणा. पैसे मोजून माणूस कामं विकत घेतो, आणि वर खूश होऊन परततो.

जेमतेम छप्पन्न लाख वस्तीचा हा देश. सुट्टीची घरं पाच लाखांच्या आसपास. तळ्यांची गणती तर, पाचशे चौरस मीटरची डबकीसुद्धा धरली, तर १ लाख ८७ हजारांच्या वर जाते. त्यामुळे तळ्याकाठचं घर ही तिथे श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. ज्याचं स्वतःचं नाही, तो आठवड्यापुरतं दुसऱ्याचं घेतो.

या घरांच्या भिंती जवळून पाहाव्यात. पाइनचे किंवा स्प्रूसचे ओंडके आडवे रचलेले, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले; मधल्या फटींत पूर्वी शेवाळ ठासत. लाकूड वाळतं तसं आकसतं, आणि भिंत काही वर्षं हळूहळू खाली बसत राहते. म्हणून सुतार खिडकीच्या चौकटीवर मुद्दाम फट सोडतो आणि तिच्यावर फळी मारून ती झाकतो. फट सोडली नाही तर भिंतीचा भार चौकटीवर येऊन खिडकी उघडेनाशी होते. आपल्याकडे नव्या घराला तडा गेला की बिल्डरशी भांडण. इथे घर खाली येणार हे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरलेलं.

पण केबिनचा खरा मालक म्हणजे सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी. आधी राखेचा खण ओढून रिकामा करायचा. मग धुराड्याची झडप उघडायची. ही विसरली की डोळे चोळत बाहेर पळावं लागतं. खाली बर्चची साल, ती जरा ओलसर असली तरी पेट घेते; वर बारीक ढलप्या, त्यावर फोडलेली लाकडं. भट्टीवरचे दगड नीट तापायला तासभर तरी लागतो. त्या तासात दुसरं कुठलंही काम धड होत नाही. बादल्या भरायच्या, एक लाकूड सारायचं, दगडांवर चार थेंब टाकून आवाज ऐकायचा. ऑफिसातलं आपलं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते कळत नाही. म्हणूनच बहुधा ते झोपेतही चालू राहतं. भट्टी पेटते आणि विझते. तिचा थकवा रात्री दहाला संपतो.

कामाचा हा हिशेब सगळ्यांनाच मानवतो असं नाही. फिनलंडचा संगीतकार सिबेलिअस १९०४ मध्ये हेलसिंकीजवळ टूसुला तळ्याच्या परिसरात राहायला गेला. लार्स सॉन्क या वास्तुकाराने आखलेलं त्याचं घरही ओंडक्यांचंच. सिबेलिअसच्या अटी दोन : तळं दिसलं पाहिजे आणि जेवणघरातली शेकोटी हिरवी पाहिजे. नळांच्या आवाजाने शांतता मोडेल म्हणून त्याने घरात पाण्याचे नळ येऊ दिले नाहीत. ते आले १९५७ मध्ये तो गेल्यानंतर. घराला बायकोच्या नावावरून नाव दिलं, ‘आइनोला’. इतकी वर्षं त्या घरात पाणी कोण भरत होतं, हा प्रश्न मात्र मराठी वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. शांततेचं बिल बरेचदा दुसऱ्याच कुणाच्या नावावर फाटतं. भाड्याच्या केबिनमध्ये निदान बादली आपल्याच हातात असते.

‘बारा महिने उपलब्ध’ असं जाहिरातीत असलं तरी घर हिवाळ्यात राहण्याजोगं आहे का, पाणी तेव्हा चालू असतं का, हे विचारून घ्यावं. जूनमध्ये उजेड संपत नाही आणि डासही. होडी बहुतेक घराबरोबरच मिळते. पुढे ब्लूबेरी येतात, सप्टेंबरात लिंगनबेरी आणि अळंबी. दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलातही ती वेचायचा हक्क तिथे सर्वांना आहे. हिवाळ्यात तळं गोठून त्याचा रस्ता होतो. चार अंशांचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी बसतं. त्यामुळे बर्फ वरून धरतो आणि खाली मासे जगतात. त्या बर्फात चौकोनी भोक पाडून शिडी सोडतात. सौनातून निघून लोक तिच्यावरून पाण्यात उतरतात. भोक रात्रीत पुन्हा धरतं, सकाळी पुन्हा फोडायचं. कामात आणखी एक भर.

जाहिरातवाले ज्यांचं नाव काढत नाहीत असे काही आठवडे एप्रिल-मेमध्ये येतात. बर्फ पाऊल ठेवण्याइतका भक्कम राहिलेला नसतो आणि होडी घालण्याइतका वितळलेलाही नसतो. तळ्याचा कसलाच उपयोग नाही, नुसतं बघत बसायचं. माझं मत विचाराल तर घ्यायचं तर हेच आठवडे घ्यावेत. घरमालक तेव्हा बर्चची लाकडं फोडून रचण्यात गढलेला असतो, कारण ती उन्हाळाभर वाळली तरच हिवाळ्यात जळतात. जवळ जाऊन उभं राहिलं, तर तो बहुधा कुऱ्हाड पुढे करेल. तिचं वेगळं भाडं लावणार नाही.